दोन तास पाण्यावर
(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण पोटगी, रेशनकार्ड आणि संरक्षण अधिकाऱ्यांच्या रिकाम्या जागा यांवर बोलत आहोत. जेवणानंतरच्या या सत्रात मी सहलीवर बोलणार असे जाहीर झाले तेव्हा काही जणी हसल्या, ते मी पाहिले. राग नाही. दीड वर्षापूर्वी आमच्या वस्तीतल्या बायकांनी हा विषय काढला तेव्हा मीही अशीच हसले होते. समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेताना गटबांधणी शिकले, समुपदेशन शिकले, अहवाल लिहायला शिकले. बायकांना मौज करावीशी वाटली तर काय करायचे, हे कुठल्याच पेपरला नव्हते.

आमची वस्ती दक्षिण मुंबईत, कुलाब्याच्या बाजूला आहे. समुद्र पाच मिनिटांवर. वस्तीतली एक ताई कुलाब्यातल्या उंच इमारतीत धुणीभांडी करते. तिच्या मालकिणीच्या खिडकीतून बंदर दिसते. हिवाळ्यात दुपारी तिथे शिडाच्या लहान बोटी फिरतात. एका बैठकीत ती म्हणाली, "ताई, पांढऱ्या शिडाच्या त्या बोटी असतात ना, त्यात कोण बसतं? आपल्याला बसू देतात का?" मी म्हटले, "पैसे भरले की कुणालाही बसू देतात." त्यावर ती म्हणाली, "मग आपण भरू की."

विषय एवढ्यावरच सुरू झाला. पुढे त्याला दहा महिने लागले.

पहिला प्रश्न पैशाचा. बचत गटाच्या पैशाला हात लावायचा नाही, हे बायकांनीच ठरवले. गटातल्या दोघींची कर्जे थकली होती आणि त्यांच्यासमोर गटाच्या पैशाने फिरायला जाणे बरे दिसले नसते. म्हणून जिला यायचे असेल तिने दरमहा पन्नास रुपये वेगळे ठेवायचे. दहा महिन्यांनी प्रत्येकीचे पाचशे झाले. अकरा बायका आणि मी, अशा बारा जणींचे सहा हजार. त्यात दोन बोटी दोन तासांसाठी मिळाल्या.

दुसरा प्रश्न आमच्या संस्थेत निघाला. हा कार्यक्रम अहवालात कोणत्या सदराखाली दाखवायचा? मी तोडगा काढला की 'जलसुरक्षा प्रशिक्षण' असे लिहू. मला वाटले, मी फार हुशारी केली. बैठकीत सांगितल्यावर अंगणवाडीत मदतनीस असलेल्या बाईने विचारले, "पैसे आमचे, सुट्टी आमची, मग खोटं कशाला लिहायचं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो दिवस मी माझ्या रजेतून घेतला.

पण गंमत पाहा. संस्थेशी खोटे नको म्हणणाऱ्या याच अकरा जणींपैकी चौघींनी घरी "मीटिंग आहे" असेच सांगितले. आजारपणासाठी बाई बाहेर पडू शकते. देवाला जाऊ शकते, बाजाराला जाऊ शकते, मुलाच्या शाळेत जाऊ शकते, आणि आता आपल्या चळवळीमुळे मीटिंगलाही जाऊ शकते. नुसते "मला जायचंय" म्हणून बाहेर पडण्याची सोय अजून नाही. मुंबईतल्या स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यांवर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११ साली आले. विनाकारण रेंगाळण्याचा हक्क बाईला का नाही, हाच त्यांचा प्रश्न होता. तेव्हा तो शिकलेल्या बायकांचा प्रश्न आहे असे मला वाटले होते. तो पोळ्या लाटणाऱ्या बाईचाही आहे, हे या दहा महिन्यांत समजले.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीचे आकडे आपल्यापैकी अनेकींना ठाऊक आहेत. घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८. हे आकडे आपण मोर्चाच्या फलकावर लिहितो. पण हा वेळ वाचला तर बाईने काय करावे असे आपल्याला वाटते? प्रामाणिकपणे सांगा. आपल्याला वाटते की तिने शिवणाचा वर्ग करावा, गटाचा हिशेब शिकावा, मोर्चाला यावे. बसून राहावे असे आपल्यालाही वाटत नाही. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात २४ वे कलम विश्रांतीचे आणि मोकळ्या वेळेचे आहे. आपल्या शिबिरांतून बाकीची कलमे आपण शिकवतो. हे एक मी तरी कधी शिकवले नव्हते.

तिसरा प्रश्न भीतीचा, आणि ती भीती खरी होती. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. प्रवासी बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती. पंधरा जण गेले. अंगात जीवरक्षक जॅकेट नव्हते, असे वाचलेल्यांपैकी अनेकांनी सांगितले. आमची सहल त्यानंतर दोन महिन्यांनी होती. दोघींनी नाव काढून घेतले, नंतर पुन्हा घातले. आम्ही बैठकीत बसून विचारायच्या प्रश्नांची यादी केली. बोटीला परवाना आहे का? किती माणसांचा आहे? बोट चालवणारा किती वर्षांचा अनुभवी आहे? जॅकेट प्रत्येकीला मिळेल का, आणि ते अंगाला बसेल का?

हा शेवटचा प्रश्न मला सुचला नसता. कोळंबी सोलणाऱ्या एका बाईने तो विचारला. ती अंगाने भरलेली आहे. आदल्या रविवारी आम्ही तिघी जाऊन जॅकेटे घालून पाहून आलो. पहिली पाच तिच्या छातीवर बंद होईनात. बोटवाला म्हणाला, "असंच पट्टा सैल ठेवून घाला." ती म्हणाली, "सैल ठेवलं तर पाण्यात मी खाली नि जॅकेट वर." मग त्याने मोठे आणून दिले. जीव वाचवायची वस्तू आणताना कुठल्या अंगाची कल्पना केलेली असते, हे अशा वेळी कळते.

आणि लघवीचा प्रश्न. लहान बोटीवर संडास नसतो. बायकांनी काय ठरवले असेल? सकाळपासून पाणी प्यायचे नाही. दर मोर्चाला, दर लांबच्या प्रवासाला आपण हेच करतो. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'ची मोहीम चालली, त्यातल्या सह्या याच बायकांनी केल्या होत्या. उन्हात दोन तास आणि पोटात पाणी नाही, हे चालणार नाही असे मी बजावले. गेटवेजवळचे सार्वजनिक शौचालय आधी पाहून ठेवले, बोटीत चढायच्या आधी सगळ्यांनी तिथे जायचे असे ठरले, आणि प्रत्येकीच्या पिशवीत पाण्याची बाटली दिली. तरी चौघींनी बाटली परत येईपर्यंत उघडली नाही.

आता माझी चूक सांगते. पहिली चूक. दुसरी पुढे येते.

दिवस ठरला १६ फेब्रुवारी २०२५, रविवार. वेळ मी ठरवली, दुपारी साडेतीन ते साडेपाच. ऊन उतरते, वारा चांगला असतो, असे बोटवाल्याने सांगितले होते. त्या दिवशी संकष्टी होती. पाच जणींचा उपास. त्या म्हणाल्या, चंद्रोदय रात्री उशिराच आहे, तोवर येऊ. गेटवेवर जमलो तेव्हा आमच्यातली मासेवाली मावशी पाण्याकडे बघत म्हणाली, "ताई, वेळ कोणी काढली? आज चौथ. तीनला भरती पुरी झाली. आता पाणी बाहेर ओढणार. जाताना भुर्रकन जाऊ, येताना रखडू."

मी विचारले, हे तुम्हाला कसे कळते? तिने हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची. चौथीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्या सुमाराला भरती पुरी होते, आणि मग सहा तास ओहोटी. किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या माणसाला हे पाठ असते. मावशी पंचवीस वर्षे मासे विकते. बोटी कधी लागणार, माल कधी उतरणार, धक्क्यावर किती वाजता उभे राहायचे, हे सगळे तिच्या या हिशेबावर चालते. दहा महिने ती माझ्यासमोर बैठकीत बसली होती. मी पाण्याच्या सगळ्या गोष्टी बोटवाल्या पुरुषाला विचारल्या, तिला एकही विचारली नाही. का? कारण ती माझ्या लेखी 'लाभार्थी' होती.

आणि हीच मावशी जन्मात बोटीत बसली नव्हती. सासरा तांडेल, नवरा खलाशी, मुलगा आता बोटीवर जातो. ती म्हणाली, "आमच्यात बाई बोटीवर जात नाही. बोटीची पूजा करायची, नारळ सोडायचा, आलेला माल विकायचा. बोटीत पाय नाही." मासळीचा सौदा, बर्फाचे पैसे, डिझेलची उधारी, सगळे तिच्या हातात. फक्त समुद्र नाही.

आम्ही निघालो. बोटीत सहा-सहा जणी, प्रत्येक बोटीवर एक चालवणारा आणि एक पोऱ्या. पहिली पाच मिनिटे कोणी बोलेना. बोट एका बाजूला कलते, तेव्हा सगळ्यांना वाटते की आता उलटली. चालवणाऱ्याने समजावले की शिडावर वारा भरला की बोट कलणारच, तळाला वजन आहे, ते तिला सरळ ठेवते. दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरचा वारा जमिनीकडे येतो, हे खारे वारे मतलई वारे आपण चौथी-पाचवीत पाठ केले. अंगणवाडीतल्या बाईने तिथल्या तिथे ते म्हणून दाखवले आणि म्हणाली, "परीक्षेत लिहिलं होतं. अंगाला आज लागलं."

उत्तरेला नौदलाची गोदी, तिकडे जाता येत नाही. म्हणून आम्ही कुलाब्याच्या कडेकडेने दक्षिणेला गेलो. पाठीमागे गेटवे आणि ताज लहान होत गेले. धुणीभांडी करणाऱ्या ताईने आपली इमारत शोधली, मग मजला शोधला, मग खिडकी. "ती बघा, तिथून मी बघते." पुढे ससून डॉक आला. १८७५ साली बांधलेला हा धक्का. कोळंबी सोलणाऱ्या आमच्या दोघी तिथे पहाटे चारला जातात, बर्फाच्या पाण्यात हात घालून बसतात, टोपलीच्या हिशोबाने पैसे मिळतात. थंडीत बोटांना चिरा पडतात. वीस वर्षे त्या आतून हा धक्का पाहत आल्या. बाहेरून पहिल्यांदा पाहिला. एक जण म्हणाली, "केवढासा आहे गं!" दुसरी काही बोलली नाही. तिने दोन्ही हात पाण्यात सोडले आणि बराच वेळ तसेच ठेवले. मी विचारले, गार लागत नाही का? म्हणाली, "हे कामाचं पाणी नाही."

परत फिरलो आणि मावशीचे बोलणे खरे झाले. वारा समोरून आणि पाणी उलटे. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, ती नागमोडी जाते. एकदा इकडे, एकदा तिकडे. दर वळणाला शिडाखालची आडवी काठी डोक्यावरून फिरते आणि सगळ्यांना वाकून बाजू बदलावी लागते. पहिल्या दोन वेळा किंकाळ्या, नंतर हसू. चालवणाऱ्याने विचारले, सुकाणू कोणाला धरायचे आहे? मावशीने हात पुढे केला. दहा मिनिटे तिने धरले. आमच्या बोटीची चाल त्याने काही सुधारली नाही, उलट एकदा शीड फडफडायला लागले आणि चालवणारा ओरडला. तिनेही त्याला उलट सुनावले.

किनाऱ्याला लागेपर्यंत सव्वासहा झाले. पाणी उतरल्यामुळे खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, शेवाळाने निसरड्या. साडीवाल्या दोघी घसरता घसरता वाचल्या. पुढे अर्धा तास बसची वाट. म्हणजे साडेसहाला घरी पोहोचणाऱ्या बायका साडेसातला पोहोचल्या.

आणि आता दुसरी चूक. बोटीत मी सगळ्यांचा फोटो काढला होता. सगळ्यांची तोंडे उजळलेली, केस उडालेले. बसमध्येच तो मी गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकला. तिथून तो कोणीतरी शेजारणीला पाठवला, शेजारणीच्या नवऱ्याने पुढे पाठवला, आणि "मीटिंग आहे" म्हणून निघालेल्या एकीच्या नवऱ्याच्या हातात तो ती घरी पोहोचायच्या आधी पोहोचला.

सोमवारी सकाळी ती कार्यालयात आली. मनगट सुजले होते. मी आधी रडले, मग माफी मागू लागले. तिने मला थांबवले. म्हणाली, "ताई, मारलं त्यानं. बोटीनं नाही मारलं. पण फोटो तुम्ही टाकलात."

ही दोन्ही वाक्ये तिने एका दमात म्हटली आणि दोन्ही खरी आहेत. हिंसेची जबाबदारी हिंसा करणाऱ्याची, हे आपण दर शिबिरात सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या आडून आपल्या निष्काळजीपणाला सुटका मिळत नाही. माझ्यासाठी तो आनंदाचा फोटो होता. तिच्यासाठी तो पुरावा झाला.

पुढच्या बैठकीत मोठा वाद झाला. काही जणी म्हणाल्या, आता सहल-बिहल पुरे. मार खायची वेळ येणार असेल तर कशाला? वस्तीतले पुरुष आता मीटिंगलाही सोडणार नाहीत. ही भीती मला खोटी वाटत नव्हती, कारण मीटिंगला जायचे कारण मिळवायलाच आम्हाला सहा वर्षे लागली होती. तेव्हा जिने मार खाल्ला तीच बोलली. "म्हणजे त्यानं एकीला मारलं की बाकीच्या दहा जणींनी घरात बसायचं? मग त्यानं मला एकटीला नाही, सगळ्यांनाच मारलं." तिने तीन आठवड्यांनी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला. हा मार पहिला नव्हता. अर्ज मात्र पहिला. पुढे काय झाले ते येथे सांगायला तिची परवानगी नाही, म्हणून सांगत नाही. आज एवढे सांगते आहे ते तिला वाचून दाखवून, तिने दोन वाक्ये गाळायला लावून.

आपल्या गटांना उपयोग व्हावा म्हणून आम्ही जे नियम केले ते सांगते. एक, प्रत्येकीला विचारल्याशिवाय फोटो कुठेही जाणार नाही, गटातसुद्धा. सहलीला एकच फोन, तोही फक्त अडचणीसाठी. दोन, घरी कोण काय सांगून येणार आहे हे आधी मोकळेपणाने बोलायचे आणि परतायची वेळ सगळ्यात अडचणीतल्या बाईच्या सोयीने ठरवायची, वर एक तास जादा धरायचा. तीन, तारीख ठरवताना भरती-ओहोटी पाहायची आणि ती मावशीला विचारायची. चार, जॅकेट आधी घालून पाहायचे, आणि बोटीत बसल्यापासून उतरेपर्यंत अंगावरून काढायचे नाही. पाच, पावसाळ्यात नाही, कितीही स्वस्त मिळाले तरी नाही. सहा, पैसे प्रत्येकीचे स्वतःचे. कोणी देणगी दिली तर घ्यायची नाही, कारण मग अहवाल आला, फोटो आला, आणि आपण पुन्हा कोणाच्या तरी कार्यक्रमातल्या 'लाभार्थी' झालो.

या सहलीने कोणी सबल झाली असे मी म्हणणार नाही. तो शब्द आपण फार स्वस्त केला आहे. सोमवारी सगळ्या जणी कामावर गेल्या, कोळंबीचा दर वाढला नाही. ज्या दिवशी आम्ही ससून डॉकपर्यंत जाऊन रखडत परत आलो, त्या दिवशी नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून जगाला वळसा घालत होत्या. २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ ला गोव्यात परतल्या. त्यांची बातमी मी बैठकीत वाचली. मला वाटले, बायका भारावतील. मावशीने विचारले, "त्यांच्या घरी स्वयंपाक कोण करत होतं?" सगळ्या हसल्या, पण तिने चेष्टेने विचारले नव्हते. आठ महिने समुद्रावर राहायला बाईच्या मागे किती गोष्टी उभ्या असाव्या लागतात, आणि दोन तास राहायला किती, हे तिला मोजायचे होते.

तेच आपल्यालाही मोजायचे आहे. आपल्या आपल्या गटात परत गेल्यावर एवढेच विचारा, शेवटचे कधी कुठे गेलात, काही काम नसताना? उत्तर यायला वेळ लागेल. घाई करू नका. आमच्याकडे पहिले उत्तर यायला दोन बैठका लागल्या.

या वर्षी पुन्हा पैसे जमा होत आहेत. यंदा सतरा जणी आहेत. "मीटिंग आहे" असे सांगून येणाऱ्या अजून तिघी आहेत. तारीख मावशी काढणार आहे.